द्वारकाअक्का आणि बोनेटातले दात

जळगावहून पहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपता संपता, उजव्या हाताला एक पत्र्याची शेड होती. त्या शेडपुढे एखादा बरा दिसणारा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मोटारीच्या बोनेटवर वाकून दात विचकताना हमखास दिसायचा. एसटीतली माणसं खिडकीतून माना काढून बघायची. एखाद्या नवख्या प्रवाशाला वाटे, दातांचा दवाखाना असेल. पण तिथे गाड्या धुऊन पॉलिश करून मिळत, आणि चांगल्या चांगल्या माणसांना दात विचकायला लावणाऱ्या बाईचं नाव होतं द्वारकाअक्का.

काम झालं की अक्का गाडीच्या मालकाला बोनेटपाशी उभं करायच्या आणि म्हणायच्या, "वाका. आते दात दाखाडा. देखातस का?"

"दिसतात, अक्का."

"दिसनं येगळं. मोजता येतस का?"

मालकाने दात मोजून आकडा सांगितला की गाडी पास. एकदा एका निवृत्त प्राध्यापकांना आठच दात मोजता आले. अक्कांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा पॉलिशचं मशीन लावलं, पुन्हा फडकं मारलं, पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा आठ. तिसऱ्यांदा मशीन सुरू होणार तेव्हा प्राध्यापक इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अक्का, आहेतच आठ."

अक्का ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या. सहावारीचा पदर कमरेला खोचलेला, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माहेर-सासर दोन्ही दोंडाईचाकडचं, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी. शेड मूळची त्यांच्या यजमानांची. ते गाड्यांना रंग मारायचे. रंगाच्या वाफेने दमा जडला तेव्हा त्यांनी घरी बसून स्वयंपाक हाती घेतला आणि अक्कांनी मशीन. "घरमा भांडा घाशी घाशी हात तयारच व्हता, भाऊ," त्या सांगत. "फक्त भांडं मोठं व्हयनं."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मोठ्या संकटात. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. सासरे धुळ्याचे. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांची गडद लाल रंगाची मोटार होती आणि तिच्यावर त्यांचा इतका जीव की माझी बायको गमतीने तिला 'ताई' म्हणायची. नाना आठ दिवसांसाठी नागपूरला निघाले तेव्हा गाडी जळगावला आमच्याकडे ठेवून गेले. जाताना म्हणाले, "जावईबापू, गाडी सावलीत राहू द्या. रोज पाच मिनिटं चालू करायची आणि बंद करायची. बस."

सहा दिवस मी चालू करून बंद केली. सातव्या दिवशी यावलच्या गिरीशने, माझ्या कॉलेजातल्या मित्राने, जेवायला बोलावलं आणि मी गाडी चालू केली ती बंद करायचं विसरलो. गिरीशच्या केळीच्या बागा. निघताना त्याने प्रेमाने तीन ताजे घड आणले आणि डिकीत जागा करेपर्यंत बोनेटवर ठेवले. कापलेल्या दांड्यांतून चीक गळत होता. मी रुमालाने पुसला, म्हणजे खरं तर सगळीकडे सारवला. घरी आल्यावर अंधारात काही कळलं नाही. सकाळी साडेदहाला बायकोने अंगणातून हाक मारली. बोनेटवर आणि डाव्या दारावर चहाच्या काढ्यासारखे काळपट ओघळ वाळून बसले होते. साबणाने जाईनात. आणि नानांची आगगाडी जळगाव स्टेशनात एक वाजता येणार होती.

कुणीतरी अक्कांचं नाव सांगितलं. मी पोचलो तेव्हा त्या बाजेवर बसून चहा पीत होत्या. ओघळांकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"केळीना चीक. किती टाईम शे?"

"दोन तास. त्याहून कमीच."

"मंग बठ्ठी गाडी व्हवाव नही." सगळी गाडी होणार नाही, एवढं मला कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. "देखनारा कोन?"

"म्हणजे?"

"गाडी कोन देखी? अन् कोन्या अंगे येई?"

मी सांगितलं की सासरे. मग अक्कांनी माझी जी उलटतपासणी घेतली तशी लग्न ठरवतानाही कुणी घेतली नव्हती. सासऱ्यांची उंची किती? चष्मा जवळचा की लांबचा? मोतीबिंदू? नाही का, अरेरे. प्रवासातून आलेला माणूस भुकेला असेल की झोपाळलेला? स्वतः गाडी चालवेल की शेजारी बसेल? मी म्हणालो, थकलेले असतील, शेजारीच बसतील.

"म्हंजे बोनेट अन् डावी बाजू," अक्का उठल्या. "उजवी बाजू भिताडले लाई उभी करज्यात. आते तठे बठा, अन् घड्याळ देखू नका. घाई तुमले शे, गाडीले नही."

मी घड्याळच बघत होतो. त्यांनी गाडी सावलीत घेतली, धुतली, चिकावर खोबरेल तेल चोळून ठेवलं. मग हातात दुधाची रिकामी पिशवी मोज्यासारखी चढवली, डोळे मिटले आणि बोनेटवरून हळूहळू हात फिरवला. डोळ्यांना न दिसणारी खरखर पिशवीतून बोटांना कळते म्हणे. जिथे लागली तिथे गाड्यांसाठीच्या खास मातीचा, कणकेसारखा मऊ गोळा पाण्यावर घोळवून त्यांनी ती उचलून घेतली. तेल पुसून डाग गेले तेव्हा मशीन सुरू झालं. शेवटी मेण लावलं आणि ते दह्यासारखं पांढरं होईपर्यंत त्या स्वस्थ बसून राहिल्या. ती दहा मिनिटं मला दहा वर्षांसारखी गेली. पुसायला फडकी दोन. "एक काढाले, दुसरं हासाडाले," त्या म्हणाल्या. आणि खरंच गाडी हसली. मी वाकलो, दात मोजले, तीस आले, आणि स्टेशनकडे पळालो.

नाना बाहेर आले ते भुकेले नव्हते, झोपाळलेले नव्हते. बोनेट बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. "वा! वा जावईबापू! सरका. मी चालवतो."

आणि ते उजवीकडे वळले.

उजवी बाजू भिंतीला लावली होती, म्हणून त्यांनी मला गाडी पुढे घ्यायला लावली. मग ते उन्हात उभं राहून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. डावीकडे गेले, उजवीकडे आले. शेवटी विचारलं, "ही गाडी अर्धीच लग्नाला गेली होती का?"

मी सगळं सांगून टाकलं. यावल, केळी, चीक, रुमाल. नाना फक्त म्हणाले, "कुठे आहे ती बाई?"

रस्ताभर मी मनात अक्कांची माफी मागत होतो. नाना तरातरा शेडमध्ये शिरले. अक्कांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि माझ्यावरच ओरडल्या, "हाऊ मानूस तुमीन सांगा तसा कोठे शे? तुमीन सांगं थकेल. हाऊ ते आठेतून धुळालगून पायी जाई!"

नाना म्हणाले, "बाई, माझ्या गाडीला—"

"तुमनी गाडी? मंग तुमीनच खराब करेल शे ती!" अक्कांनी त्यांचा हात धरून त्यांना उजव्या दारापुढे उभं केलं. "उन्हमा देखा. ह्या गोल गोल बारीक रेघा. रोज सकायले कोरडं फडकं मारतस ना?"

नानांचा आवाज एकदम खाली आला. "आठ वर्षं. एक दिवस चुकवला नाही."

"आठ साल धूळ घासी राहिनात तुम्ही रंगवर. केळीना चीक दोन घंटामा ग्या. हाई कितला दिनमा जाई?"

माझे सासरे धुळ्यात ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे त्यांच्यापुढे कुणी खुर्चीवर बसत नसे. ते त्या दुपारी बादली धरून उभे होते आणि अक्का "पानी" म्हणाल्या की पाणी टाकत होते. उजवी बाजू झाल्यावर त्यांनाही दात मोजावे लागले. त्यांनी आधी रस्त्यावर एसटी नाही ना ते पाहून घेतलं.

त्या दिवसापासून नाना दर महिन्याला धुळ्याहून गाडी घेऊन अक्कांकडे यायचे. पॉलिश करून घ्यायचे आणि हायवेची धूळ खात परत जायचे. घरी पोचेपर्यंत गाडी होती तशी मळलेली असे. पण कोरडं फडकं त्यांनी पुन्हा हातात धरलं नाही, आणि मलाही ते एकेरी नावाने हाक मारायला लागले. चार महिन्यांच्या जावयासाठी हा मोठाच मान होता.

पुढच्या वर्षी गिरीशचं लग्न ठरलं. मुलगी पहूरची. नवरदेवाची काळी गाडी सजवणारा ऐन वेळी आलाच नाही, म्हणून वऱ्हाड निघालं तेच अक्कांच्या दारात थांबलं. मुहूर्त गाठायचा होता. अक्कांनी विचारलं, "देखनारा कोन?" गिरीशची मावशी म्हणाली, सगळं पहूर. अक्कांनी गाडी तिथेच धुतली, मशीन मारलं. मग मेणाचा डबा आणि फडकी पिशवीत टाकून स्वतःच गाडीत बसल्या. "आर्धं आठे, आर्धं वाटमा."

वऱ्हाड चहाला थांबलं तिथे झाड नव्हतं, आणि उन्हात मेण लावलेलं अक्कांना चालत नसे. त्यांनी फेटा बांधलेल्या गिरीशला खाली उतरवलं आणि त्याच्या हातात छत्री देऊन बोनेटवर सावली धरायला लावली. नवरदेव उन्हात, गाडी सावलीत. येणारेजाणारे थांबून बघत होते. एका म्हाताऱ्याने मला विचारलंसुद्धा, "भाऊ, लगन कोनं शे? गाडीनं का?"

पण गाडी अशी झाली होती की पहूरला नवरीच्या दारात थांबली तेव्हा ओवाळायला आलेल्या बायका नवरदेवाला सोडून गाडीच्या चकचकीत दारात बघून पदर सारखा करायला लागल्या. आणि तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एक तांबडा कोंबडा आला. त्याला गाडीच्या दारात दुसरा कोंबडा दिसला. त्याने मान फुगवली. त्यानेही फुगवली. मग जे युद्ध झालं! कोंबडा दारावर झेप घेई, आपटे, पुन्हा उठे. गिरीश आत अडकला, दार उघडावं तर कोंबडा आत. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. भटजी मुहूर्त गेला म्हणून ओरडत होते. शेवटी नवरीच्या काकांनी कोंबड्याला पोत्यात धरला, तेव्हा दारावर नखांचे चार लांब ओरखडे होते.

सगळे अक्कांकडे बघायला लागले. वाटलं, आता रडतील. अक्का दारापाशी गेल्या, ओरखड्यांवरून बोट फिरवलं, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. "मानसं तोंडदेखलं चांगलं सांगतस," त्या म्हणाल्या. "हाऊ इतला लढना. याले खरंच वाटनं." जेवणात त्या दिवशी त्यांनी त्या कोंबड्यासाठी वेगळं ताट वाढून मागितलं.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या यजमानांचा दमा वाढला. मुलगी दोंडाईचाला असते, तिने दोघांनाही कायमचं बोलावून घेतलं. शेड बंद झाली. त्यांना स्टेशनवर सोडायला मीच गेलो, माझ्या जुन्या गाडीतून. ती महिनाभर धुतलेली नव्हती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीतून जळगाव बघत राहिल्या. इतकी वर्षं गाड्या चमकवल्या, पण पुढच्या सीटवर बसून कधी फिरल्या नव्हत्या, हे त्यांच्या यजमानांनी मागून सांगितलं.

स्टेशनवर मुलीचा नंबर घ्यायचा होता. माझा मोबाईल घाईत घरी राहिला, कागद कुणाकडेच नव्हता. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने दहा आकडे लिहिले. मोठे, ठसठशीत. मग यजमानांचा हात धरून आत गेल्या.

नंबर मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतला. तरी काच पुसवेना. आठवडा झाला, दहा दिवस झाले. बाराव्या दिवशी अक्कांचा फोन आला.

"भाऊ, तुमनी गाडी इकाले काढी का?"

"नाही हो! का?"

"मंग लोकं माले काब्र फोन करतस? आतेलगून सात जन व्हयनात. मागनी काचवर नंबर शे म्हने. एक ते लईच चांगला मानूस शे, उद्या देखाले येई ऱ्हायना. मी हा सांगी दिधं."

"अक्का, मला गाडी विकायची नाही!"

"नका इका," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पन तो येई तवलगून धुई तरी ठेवा. त्या दिन लाज वाटनी माले, मी बोलनू नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेतली, दोन फडकी घेतली आणि सावलीत गाडी धुतली. बोनेट, दारं, टप, सगळं. आणि मागच्या काचेवर त्या दहा आकड्यांपुरती, वीतभर लांब, चार बोटं रुंद धूळ ठेवून दिली.