दहापैकी साडेआठ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या हेमाताई लोकांच्या काखा हुंगतात. हा टोमणा नाही, नोकरी आहे. डिओडरंट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माणसं हात वर करून रांगेत उभी राहतात, हेमाताई नाक जवळ नेतात आणि दहापैकी मार्क देतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पळा.

त्यांचे यजमान दिगंबरराव पोस्टातून निवृत्त झालेले. बायको ‘अकाउंट्सला आहे’ असं त्यांनी बावीस वर्षं सगळ्या सदाशिव पेठेला सांगितलं. स्वतः इतके सोवळे, की आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही आणि चहाला स्पर्श नाही.

“घामाला वास नसतो गं,” हेमाताईंनी मला एकदा समजावलं. “काखेतले जंतू तो खातात आणि वास सोडतात.” म्हणजे घाण करणार भाडेकरू आणि नाव खराब घरमालकाचं. पेठेतल्या माणसाला हे लगेच पटतं.

जानेवारीत ताप आला आणि हेमाताईंचं नाक गेलं. हिंगसुद्धा कळेना. मार्चपर्यंत कॉफीचा वास परतला, काखेचा काही परतेना. प्रयोगशाळेनं सोमवारी परीक्षा ठेवली. नापास, तर घरी बसा. “चोपन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतंय?” म्हणत त्या माझ्याकडे बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं. सरावाला मी माझी काख देऊ केली, तर म्हणाल्या, “तू दोनदा आंघोळ करतेस. काही उपयोगाची नाहीस.”

शुक्रवारी दिगंबररावांनी आंघोळ केली नाही. शनिवारीही नाही. चहा बंद, जेवण गॅलरीत. टेरिकॉटमध्ये वास मुरतो, हे हेमाताई कधीतरी बोलल्या होत्या. न ऐकल्यासारखं करून या गृहस्थांनी ते लक्षात ठेवलेलं. रविवारी भर दुपारी ते टेरिकॉटचा शर्ट घालून पर्वती चढून आले. मी माझं दार लावून घेतलं आणि भोकातून बघत राहिले.

उंबऱ्यातच त्यांनी हात वर केला. “घे.”

हेमाताईंनी नाक नेलं. एकदा, दोनदा. मग डोळ्यांना पदर लावला. “अहो, साडेआठ!”

“दीड मार्क कशाला कापलास?”

तेवढ्यात वरचे हिंमतराव नाकाला रुमाल लावून जिना उतरले. “काय हो, पाणी आलं नाही का?”

दिगंबररावांनी हात खाली घेतला नाही. “भरपूर आलंय. हिची उद्या परीक्षा आहे. काखा हुंगते ही, बावीस वर्षं झाली.”

हेमाताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

सोमवारी त्या पास झाल्या. दिगंबरराव आता कुणी न विचारताही बायकोची नोकरी सांगतात, आणि लगेच आपले मार्कही.