सांबार म्हणजे कोथिंबीर

उद्योजकतेच्या सरांनी मला फसवलं. माझा धंदा माझ्याच तोंडून ऐकून घेतला, स्वतःच्या नावानं छापला, आणि त्याच धंद्यावर परीक्षेत प्रश्न काढून मला नापास केलं. हे मी रागात लिहीत नाही. रागावून झालं. आता घडलं तसं सांगते.

अमरावतीचं कॉलेज, पदव्युत्तर उद्योजकता आणि नवोपक्रमाचा वर्ग, शनिवारची दुपार. पडद्यावर सरांची नवी केस. केस म्हणजे एखाद्या धंद्याची खरी गोष्ट, वर्गात चर्चेसाठी लिहिलेली. नाव इंग्रजीत होतं. सरांनी मराठी करून सांगितलं, "एका निरक्षर भाजीवालीची सांबार-नीती."

पहिल्या ओळीत अकोला होतं. दुसऱ्या ओळीत हातगाडी. तिसऱ्या ओळीत त्या गाडीचं वाकडं डावं चाक, ज्याच्याखाली ती बाई रोज अर्धी वीट लावायची. ती वीट मी लावायचे. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. समोर वही उघडी होती, तिच्यात माझ्या अक्षरात त्या दिवसाची तारीख होती. आणि पडद्यावर मी निरक्षर होते.

सर म्हणाले, "या बाईला मार्केटिंगमधला म माहीत नाही. पण तिनं काय केलं? लोकांना इडली-डोशाची आवड लागते आहे हे ओळखलं. भाजी घेणाऱ्या प्रत्येकीला वरून वाटीभर सांबार फुकट. गरम सांबार."

मागे कोणीतरी खुसखुसलं. वर्गात आम्ही बावीस जण, त्यातले वीस वऱ्हाडातले. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सर पुण्याचे, नवे आलेले, त्यांना माहीत नसेल. ठीक आहे. पण बाकांवर बसलेल्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या मुलांना माहीत होतं. एकानंही हात वर केला नाही.

मीही केला नाही. हेही लिहिलं पाहिजे.

पहिल्या सत्रात एकदा केला होता. उभी राहून म्हणाले, "सर, मी सांगतो." आमच्याकडे बाया असंच बोलतात. मी जातो, मी देतो. सर म्हणाले, "सांगतो? तुम्ही पुरुष आहात का?" वर्ग पोट धरून हसला. त्यानंतर मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायला लागले. तपासेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. बाजारात चार दलालांना एका दमात ऐकवणारी मी, इथे मुकी झाले.

मी मूळची तेल्हाऱ्याची. बाप दुसऱ्याच्या मळ्यात भाजी करायचा, माय अकोल्यात गाडीवर विकायची. मायचे गुडघे गेले तेव्हा गाडी माझ्या हातात आली. मी एकोणीस वर्षांची होते. बी.ए. बाहेरून केलं, गाडीच्या फळीवर पुस्तक ठेवून. आता गाडी नाही, टेम्पो आहे. रोज सकाळी नऊ इमारतींत भाजीच्या पिशव्या जातात, हाताखाली चार बाया आहेत. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. शनिवार-रविवार हे धंद्याचे सगळ्यात चांगले दिवस. ते बायांवर सोडून मी दोन वर्षं एसटीनं अमरावतीला आले. पदवीसाठी. ती अक्षरं नावापुढे लागली की "ए भाजीवाली" म्हणणारे लोक मॅडम म्हणतील, असं वाटायचं. आयुष्यात ही एकच वस्तू मी भाव न करता घेतली.

ही केस यायच्या आधी, दुसऱ्या सत्रात, सरांनी मला खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, "तुमचा अनुभव अस्सल आहे. असाइनमेंट म्हणून धरू. अगदी तुमच्या भाषेत बोला, संकोच नको." मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. वर्षभरात पहिल्यांदा कोणी मला त्या कॉलेजात माझ्या भाषेत बोल म्हणालं होतं. मी दीड तास बोलले. धरण फुटल्यासारखी.

मी त्यांना सांगितलं ते असं. "सर, गिऱ्हाईक भाजी पाहाले येते, पण थांबते सांबारावर. बाकीचे सांबार शेवटी टाकतात, तेबी मांगितला तर. मी आधी देतो. बाईच्या हातात जुडी ठेवली का ते दुसऱ्या गाडीवर जात नाई. तिले लाज वाटते." उन्हाळ्यात सांबार महागतो तेव्हा सगळे गाडीवाले द्यायचं बंद करतात. मी चार काड्या का होईना, दिल्या. पावसाळ्यात त्या बाया माझ्याकडेच आल्या. एवढाच माझा शोध. पुस्तकात त्याला नवोपक्रम म्हणतात. तो लावायला मला सहा उन्हाळे लागले.

सर मान हलवत होते. "वा. फारच छान."

घरी मायला सांगितलं, "सर माह्यावर केस करून राहिले."

माय भाजी निवडत होती. हात थांबले. "तू काय चोरलं?"

"कोर्टातली नाई वं. कॉलेजातली."

"मंग ठीक हाये," माय म्हणाली. "पन सही-गिही देऊ नको कुठं."

शेवटच्या सत्राच्या पेपरात चौथा प्रश्न आला. पंधरा गुण. सांबार-नीतीतील विक्रेतीने ग्राहकांची बदलती चव कशी ओळखली, ते सांगून त्या नीतीचे फायदे-तोटे लिहा. मी प्रश्न तीनदा वाचला. हॉलमध्ये सगळे भराभर लिहीत होते. मला वाटलं, वर्गात नाही बोलले, निदान कागदावर तरी बोलावं. कागद हसत नाही. पहिली ओळ लिहिली, "सांबार म्हणजे कोथिंबीर." मग अडीच पानं. जुडी आधी का द्यायची, उन्हाळ्यात का सोडायची नाही, तोटा कुठे होतो. तोटाही लिहिला, कारण तो मी भोगलेला होता.

पंधरापैकी दोन गुण. त्या पेपरात मी सहा गुणांनी नापास. फी भरून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. समासात लाल शाईत लिहिलं होतं, "विषय समजलेला नाही."

ऋचा माझ्या बाकावर बसायची. वडील अमरावतीत वकील, पोरगी मनानं चांगली. तिला त्याच प्रश्नात तेरा होते. मी विचारलं, "तुमच्या घरी कोथिंबिरीले काय म्हनतात?"

ती खाली बघून म्हणाली, "सांबारच म्हणतात, ताई."

"मंग पेपरात काय लिहिलं?"

"वाटीभर सांबार. स्वच्छतेचे नियम, वाट्या धुवायची सोय. खर्चही काढला, गॅससकट."

"ज्या सांबाराले गॅस लागत नाई, त्याचा?"

तिला हसू आलं, मग आलेलं हसू तिनं गिळलं. "ताई, पास व्हायचं असतं न. पेपरात काहून भांडता?"

मी तिच्यावर चिडले, ओरडले, माझं तोंड असंच आहे. पण एसटीत बसल्यावर कळलं की तिचं फार चुकलं नव्हतं. घरातला शब्द घरात ठेवायचा आणि पास व्हायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलं होतं. मी ते उशिरा शिकत होते, आणि धड शिकतही नव्हते.

केस आणि गुण, दोन्हींबद्दल मी विभागात अर्ज दिला. आठ दिवसांनी सरांनी बोलावलं. "बसा," म्हणाले. चहा मागवला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी ओळखलं की आता सौदा आहे.

"गैरसमज झाला असेल," सर म्हणाले. "फेरपरीक्षेत तो प्रश्न ठेवणार नाही. तुम्ही आरामात पास व्हाल."

"आणि केस?"

"केस छापली गेली आहे. पुढच्या वेळी आभार मानू."

"कोणाचे?"

"एका सहभागी विक्रेतीचे."

"नाव लिहाल?"

"नाव देण्याची पद्धत नसते." चहाचा कप माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "बरं, नाव देऊ. तळटीपेत."

बाजारात समोरचा स्वतःहून वर चढायला लागला की समजावं, त्याची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. सरांनी फाइलमधून एक कागद काढला. संमतीपत्र. त्यावर मागच्या वर्षीची तारीख आधीच टाकलेली. "फक्त एक सही. मग सगळं सुरळीत."

खरं सांगते, मी पेन उचललं. दोन वर्षं एसटीत गेली होती. कंबर दुखत होती. तळटीप तर तळटीप, पदवी मिळते आहे, घे आणि जा, असं मनात आलं. मग सवयीनं कागद वाचला. न वाचता मी पावतीसुद्धा घेत नाही. छापील मजकूर होता: "वरील माहिती मला वाचून दाखवण्यात आली व ती मला समजली." त्याखाली चौकट होती. अंगठ्याची. चौकटीशेजारी शाईचं पॅड ठेवलेलं नव्हतं, एवढीच काय ती इज्जत.

ज्या माणसानं माझ्या दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, तो माझ्याकडून हे लिहून घेत होता.

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सर, मले वाचता येते. मी वाचलं. मी सही नाई देत."

"आवाज खाली," सर म्हणाले.

"आवाज खालीच हाये, सर. हा माहा खालचाच आवाज हाये."

चहा तसाच ठेवून मी निघाले. भाव न जुळता उठून जाणं मला नवीन नाही. मागून कोणी हाक मारेल म्हणून जिन्यावर थांबले मात्र नाही. हे नवीन होतं.

विभागप्रमुखांनी तोंडी सांगितलं आहे, वाद वाढवू नका, समजुतीनं घ्या. मी समजुतीनं घेणार नाही. फेरपरीक्षेचा फॉर्म मी भरलेला नाही आणि भरणार नाही. मी त्या प्रश्नात नापास झालेली नाही. पदवी अडली तर अडू द्या. मी थकले आहे, पण पहाटे चारला उठायची मला सवय आहे. थकून बसणारी बाई मी नाही.

विभागप्रमुख, म्हणून हे सगळं तुम्हाला लेखी देते आहे. उत्तर तुम्ही द्यायचं आहे. ती केस याही वर्षी नव्या वर्गाला शिकवली जाते आहे. दीड तासाचं रेकॉर्डिंग सरांच्या मोबाइलमध्ये आहे. ते मागवा, ऐका, आणि मी निरक्षर आहे असं मी कोणत्या मिनिटाला म्हणाले ते मला दाखवा. म्हणाले नसेन, तर तो शब्द तिथे कोणी घातला ते सांगा. माझी उत्तरपत्रिका वऱ्हाडातल्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या. मला तोंडी काही नको. लेखी उत्तर द्या, आणि त्याखाली ज्यानं हे केलं त्याची सही घ्या.