सासूबाईंना चढ पायी चढावा लागला

पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सागवानी कपाटं. जुन्या व्हॅनमधलं हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलंय, कुणाकडे न शिकता.

गिअरबॉक्स बदलायचा तर तोही मीच निवडला. बोल्ट, शाफ्टचे दाते, सगळं मोजून. हायवेवर पळावी म्हणून हलक्या गाडीचा घेतला. कपाटांचं वजन मात्र धरलंच नाही.

आज चढावर पहिल्या गिअरमध्येही गाडी सरकेना. सत्तरीच्या सासूबाई उतरल्या, गुडघा धरून पायी चढल्या.

बायको म्हणाली, "आईले उतरवून कपाटं चढवून राहिले तुम्ही!"



मित्रांनो, गॅरेजवाला मिस्त्रीभैया तेव्हाच जड गाडीचा, चढ ओढणारा गिअरबॉक्स देत होता. मीच म्हटलं, मला शिकवू नको. फिटिंगसकट अठरा हजार सांगितले होते त्यानं; आता तेच मोजायला त्याच्याकडे निघालोय.