बिनसाखरेचं ताट

सुरुवातीलाच सांगते, मी या सदराची वाचक नाही. माझी नणंद आहे. ती इथले अनुभव वाचते, मग दिवा लावून झोपते, आणि मी तिची चेष्टा करते. देवापुढे उदबत्ती लावते तीसुद्धा वास आवडतो म्हणून. पत्रिका, अंगारे, दृष्टांत... यांच्यासाठी मला कधी वेळ झाला नाही. कंटेनर बंदरातून कधी सुटणार एवढंच भविष्य मला पुरतं.

तरी लिहितेय. कारण ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी एक तर डोळे पुसले किंवा विषय बदलला. मला दोन्हीचा उपयोग नाही.

आम्ही १९९० पासून दुबईत. घर अल कुसैसला, दुकान देऱ्याच्या बाजारात. जुन्या जपानी गाड्यांची इंजिनं, गिअरबॉक्स, दरवाजे आणून विकायचे, हा माझ्या नवऱ्याचा धंदा. विद्याधर दरवर्षी एकदा जपानला जायचा. तिथे ओकादा-सान (सान म्हणजे आपलं राव किंवा बाई) नावाचे एक वयस्कर व्यापारी त्याला माल दाखवायचे आणि काम संपलं की डोंगरातल्या एका गरम झऱ्याच्या हॉटेलात नेऊन सोडायचे. तिथून परत आला की आठवडाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नसायचा.

विद्याधर रत्नागिरीचा, माशावाचून घास न उतरणारा. मी पक्की शाकाहारी. लग्नातच ठरलं होतं - घरात माझं स्वयंपाकघर, बाहेर त्याचं पोट.

"नीलाबाई, एकदा चल," तो म्हणायचा. "त्या पाण्यात बसलीस की गुडघे पुन्हा कॉलेजात जातील."

"आणि खाऊ काय तिथे?"

"भात."

"आणि भाताबरोबर?"

"मी आहे की तोंडी लावायला!"

नीलाबाई असं फक्त तोच म्हणायचा, तेही मला चिडवायला.

२००० सालच्या रमजानमध्ये तो गेला. इफ्तारच्या आधी रस्त्यांवर जी गर्दी उसळते, त्या गर्दीत. देऱ्याहून घरी निघाला होता. गाडीतून मोबाइलवर फोन केला. मागे हॉर्नच हॉर्न.

"अगं, एक सांगायचं होतं तुला..."

"बोल की."

"काही ऐकू येत नाहीये. जाऊ दे, घरी येऊन सांगतो. भाकरी टाक."

शारजा रोडच्या सिग्नलला गाडी थांबली ती हललीच नाही. मागच्या पठाण टॅक्सीवाल्यानं दार उघडून बघितलं. हार्ट अटॅक. भाकऱ्या टोपल्यात होत्या.

माणसं म्हणाली, पटकन गेला, त्रास झाला नाही. खरंय. मी रडले, कागदपत्रं केली, त्याचं सिमकार्ड परत केलं, दुकान उघडलं. पण एक गोष्ट काही केल्या सुटेना. काय सांगायचं होतं? पैशाचं असेल म्हणून सगळे हिशोब तपासले, काही नव्हतं. तब्येतीचं? मुलाचं? का नुसतंच, दुकानात कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं असेल ते? भाकरी थापताना अजून हात थांबतो.

चार महिन्यांनी मला डायबेटिस निघाला. हे कुणाला माहीत होतं ते नीट सांगते, कारण पुढे त्याचं काम आहे. माझ्या डॉक्टरला आणि माझ्या मुलाला, अमेयला. बस. धंद्यातल्या लोकांना तर अजिबात नाही. एकट्या बाईला आजार आहे कळलं की उधारी वसूल होत नाही.

२००२ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा जपानला गेले. माल स्वतः बघितल्याशिवाय भागत नव्हतं. बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि छोटा राइस कुकर. ओकादा-सान स्टेशनवर घ्यायला आले, इतके वाकले की मला अवघडल्यासारखं झालं. देऱ्याच्या व्यापाऱ्यांकडून त्यांनी निवडक शब्द उचलले होते. यार्डात इंजिनं बघून झाल्यावर म्हणाले, "मिसेस, वर्क खलास. नाऊ हॉटेल. मिस्टर'स हॉटेल." दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो म्हणून मला दारात सोडून गेले.

लाकडी, दोन मजली, जुनं हॉटेल. मागे डोंगर, कडेला बर्फ, आणि गंधकाचा वास. माझी खोली बघणारी बाई फुमिको-सान, साठीच्या पुढची, इंग्रजी मोजून दहा-पंधरा शब्दांचं. तिनं मला सुती झगा दिला आणि खालच्या बायकांच्या कुंडाकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या वयाच्या चार बायका अंगावर एक सूत नसताना भिशीला बसल्यासारख्या गप्पा मारत होत्या. मी क्षणभर विचार केला आणि उतरले. विद्याधर खरं सांगत होता. गुडघे कॉलेजात नाही, पण निदान लग्नाच्या वयाला गेले.

वर आले तर ताट मांडलेलं. चटणीचा डबा हातात घेऊनच बसले होते. विद्याधरनं सांगून ठेवलं होतं की तिथे साध्या सारातही माशाचं पाणी असतं, दिसत नाही, पण असतं. मी वाटी उचलून वास घेतला. मासा नाही. दुसरी वाटी... नाही. टोफू, कमळाचे देठ, अळंबी, मुळा, भात.

फुमिको-सान माझ्याकडे बघत होती. तिनं दोन्ही हातांची फुली केली. "नो फिश. नो फिश वॉटर. नो मीट." मग परत फुली केली. "नो शुगर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "नो शुगर?"

"हाय, हाय! शुगर नो." हाय म्हणजे हो. आणि हसून तिनं कानाशी फोन धरल्याचा अभिनय केला. "हजबंड-सान. टेलिफोन."

मी जेवले. खोटं कशाला बोलू, भूक लागली होती आणि जेवण उत्तम होतं. मनाशी म्हटलं, ओकादांना हजबंड म्हणत असेल, भाषेचा घोळ आहे.

सकाळी ओकादा आले ते दारातच वाकून माफी मागत. काल जेवणाचं सांगायचंच राहिलं, म्हणाले. मिस्टर सगळं खायचे म्हणून डोक्यातच आलं नाही, तुम्ही उपाशी राहिलात का?

मी म्हटलं, "तुम्ही नाही सांगितलंत? मग कोणी सांगितलं? हिला विचारा."

त्यांनी फुमिको-सानला विचारलं. ती उत्साहात बोलू लागली, खूप बोलली. बोलता बोलता ओकादांचा चेहरा उतरत गेला.

"ओकादा-सान, काय म्हणाली?"

"मिसेस... शी इज ओल्ड लेडी."

"मीही लहान नाही. सांगा."

मग त्यांनी खाली बघत सांगितलं. परवा दुपारी हॉटेलात फोन आला, तिनं घेतला. विद्याधर-सान. इतकी वर्षं येतात, मोडकं जपानी बोलतात, आवाज ओळखते ती. म्हणाले, नीराबाई येणार आहे - ल त्या लोकांना जमत नाही - तिला मासे नाहीत, माशाचं पाणी नाही, आणि आता साखरही नाही, ती स्वतः सांगणार नाही, तुम्ही बघा.

नीलाबाई हे नाव विद्याधरच्या गप्पांतून इथे पोचलं असेल, तेवढं मी सोडून देते. पण "आता साखरही नाही"?

"फोन कसा येत होता विचारा."

नीट ऐकू येत नव्हतं, ती म्हणाली. मागे गाड्यांचे हॉर्न. फार हॉर्न.

मी चटईवर हात टेकून बसले. फुमिको-सानला कळेना काय झालं. तिनं ओकादांना काहीतरी विचारलं, ते मला नंतर कळलं - या वेळी ते स्वतः का आले नाहीत? ओकादांनी तिला सांगितलं. त्या बाईनं तोंडावर हात घेतला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मी विचारलं, "आणखी काही म्हणाला का?"

तिनं आठवून उत्तर दिलं. मग ओकादांनी शब्द जुळवून सांगितलं, "ही सेड, देअर इज वन थिंग. व्हेन शी कम्स, आय विल टेल हर."

ती आली की सांगतो.

मी ओकादांना परत पाठवलं. विमानाचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं, तेही त्यांनाच करायला सांगितलं, कारण मला खोलीतला फोन अडवायचा नव्हता. कुंडात उतरले नाही. फोनजवळ बसून राहिले. फुमिको-सान ताटं आणत होती आणि खाली कुणी दुसरं फोनवर बोलत बसलं की जाऊन त्याला उठवत होती. मी काही सांगितलं नव्हतं तिला.

फोन वाजला नाही.

दुबईला अमेय न्यायला आला होता. कॉलेजचं पोरगं, सगळ्याला उत्तर तयार. "आई, दे मस्ट हॅव इट ऑन फाइल. बाबांनी कधीतरी सांगितलं असेल."

"साखरेचं?"

"...ओके, नॉट शुगर."

"तू केला होतास फोन?"

"आई! मला हॉटेलचं नावसुद्धा माहीत नाही."

गाडी तोच चालवत होता. शारजा रोडच्या त्या सिग्नलला लाल दिवा लागला. आम्ही दोघंही तिथे कधी बोलत नाही. समोर बघत तो म्हणाला, "डिड ही आस्क अबाउट मी?"

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. दिवा हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला.

तेव्हापासून दरवर्षी जाते. माल बघायचाच असतो. तीच खोली देतात, जेवणात साखर नसते, फुमिको-सान दारातच मान हलवून सांगते की नाही, काही नाही. रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. शेजारच्या खोलीतला वाजला तरी उठून बसते.

हे कसं झालं, मला माहीत नाही. ज्यांना अशा गोष्टींचा उलगडा करता येतो त्यांनी कृपया तसदी घेऊ नये. उलगडा मला नकोच आहे. मला ते एक वाक्य हवंय. ती आली की सांगतो म्हणाला होता, आणि मी तर येऊन बसले होते.