चिखलासाठी बांधलेला ट्रक

काशिनाथ गेला, त्याला आता दोन महिने होत आले. मधे दिवाळीही होऊन गेली. तरी त्याचं नाव निघालं की मला आधी त्याचा ट्रक दिसतो आणि मग राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये हे कळतं... पण यायचा तो येतोच.

रोह्याच्या कंपनीत आम्ही दोघे एकाच शिफ्टला फिटर. मी वरसे गावचा, तो पेणकडच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातला. त्याच्या गावाला पावसाळ्यात रस्ता नसतो. असतो तो खाडीचा बांध आणि त्यावर पोटरीभर चिखल. नव्वद सालच्या पावसाळ्यात, पहिल्या बाळंतपणाला, सुगंधावहिनींना त्याच बांधावरून झोळीत घालून न्यावं लागलं. मूल वाटेतच गेलं. त्यानंतर काशिनाथने लष्कराने मोडीत काढलेला एक लहान ट्रक दारात आणून उभा केला. चारही चाकांना ओढ असलेली, चिखलातून कुणालाही दवाखान्यात पोचवणारी गाडी त्याला बांधायची होती.

पुढे कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी तो त्या ट्रकखालीच. मागची बाजू तयार होईपर्यंत खारा वारा पुढचा पत्रा खायचा, की हा पुन्हा पुढून सुरू. मी म्हणायचो, "वरशाला माझ्या अंगणात आण, तिथं एवढा गंज नाय लागणार." तो हसायचा. "जिथं चालवाची तिथंच बांधाची. तुझ्या अंगणात चिखल हाय काय?"

गेल्या उन्हाळ्यात ट्रक चालू झाला. आम्ही गागोद्याकडचा चढ चढून आलो. मी पेढे आणायला निघालो, तर म्हणतो, "थांब रं. दुसरा गिअर अडकतो. चिखलात माणूस घेऊन निघालो नि अडकला त?" पाऊस तोंडावर आलेला असताना या शहाण्याने गिअरबॉक्स उतरवला. चालतोय तसा चालू दे, असं मी परोपरीने सांगितलं. पण कामचलाऊ म्हणून काही त्याला खपतच नसे. हवा तो भाग मिळेना, म्हणून स्वतःच कानस घेऊन घासत बसला, आणि गणपती आले तरी घासतच होता.

गौरीच्या जेवणाला मी त्याच्याकडे होतो. पाऊस धो धो पडत होता. पानावरून उठताना त्याने छाती धरली. ट्रक दारात उभा, गिअरबॉक्स ओटीवर गोणपाटात. आम्ही चौघांनी त्याला चादरीच्या झोळीत घातलं आणि बांधाला लागलो. चिखलातून पाय निघत नव्हते. मधेच तो म्हणाला, "दुसरा गिअर झाला रं... बसवाचाच राहिला." मी "व्हय" म्हटलं. पक्का रस्ता आला तेव्हा तो गेलेला होता.

परवा मी गिअरबॉक्स बसवायला गेलो. दिवसभर खटपट केली. कुठला तुकडा त्याने कुठे, कसा घासून जुळवला होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी हात टेकले. संध्याकाळी वहिनी गोड्या पाण्याचा हंडा घेऊन आल्या. त्या गावात प्यायचं पाणीसुद्धा लांबून आणावं लागतं, म्हणून मला वाटलं, माझे हातपाय धुण्यापुरतंच असेल. त्यांनी फडकं भिजवलं आणि बॉनेटपासून सावकाश ट्रक पुसायला लागल्या.

"वहिनी, आता हा चालणार नाय," मी कसंबसं सांगितलं.

"ठाव हाय मना, भावजी," पुसता पुसताच त्या म्हणाल्या. "पन मीठ खातंय त्याला."