विमानातला आग्रह

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा गाळून होईपर्यंत. एकदा मी सांगायला लागले की मधे कोणी खिदळायचं नाही. कारण हा मूर्खपणा आपल्या पिंप्राळ्यात अजून कोणालाही माहीत नाही. तुमच्या तोंडून बाहेर गेला, तर तुमचा माझा संबंध संपला म्हणून समजा!

तर झालं काय, आमच्या लेकीने बेंगळुरूला घर घेतलं. गृहप्रवेशाला दोघी आयांनी यायचंच, असा जावयांचा हट्ट. दोघी म्हणजे मी आणि विहीणबाई. विहीणबाई शिंदखेड्याच्या, बोलणं अस्सल अहिराणी. घरची शेती, गोठ्यात म्हशी, आणि आवाज असा की अंगणात बोलल्या तर मळ्यातल्या माणसाला ऐकू जातं. जावयांनी मुंबईहून विमानाची तिकिटं काढली. तीही साधीसुधी नाहीत, बिझनेस क्लासची! पुढच्या भागातली रुंद खुर्ची, पाय लांब करायला जागा, बसल्याबरोबर हातात सरबत.

मी तीस वर्षं शाळेत लाकडी खुर्चीवर बसून मुलांना पाढे शिकवलेत हो. त्या खुर्चीचं नुसतं वर्णन ऐकून माझे गुडघे दुखायचे थांबले. कॉलनीत इस्त्रीवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. आमचे हे म्हणाले, "रिक्षावर भोंगा लावून फिरव ना." मी लक्ष दिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन. "आई, एवढं एकच कर. सासूबाईंना रुसायला काही कारण देऊ नकोस. मला इथे नांदायचंय."

आता हे ती का म्हणाली? तर लग्नाच्या मांडवात सोफ्यावर आमची मावशी ऐसपैस बसली, आणि विहीणबाईंच्या वाट्याला प्लास्टिकची खुर्ची आली. झालं! दीड वर्ष त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलेनात का, मला काय! पण लेक शिंदखेड्याला गेली की तिने केलेल्या भाजीत रोज मीठ कमी निघायला लागलं. आत्ता कुठे गाडी रुळावर येत होती. मी लेकीला शब्द दिला, काळजी करू नकोस, मी आहे ना.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी मराठीच होती, गोड बोलणारी. आमची तिकिटं बघता बघता तिचा चेहरा पडला.

"मॅडम, सॉरी हं. पुढच्या भागात जागा कमी आणि तिकिटं जास्त झालीयत. तुमच्यापैकी एकीला मागे, इकॉनॉमीत बसवलं तर चालेल का? तिकिटातला फरक परत मिळेल, शिवाय पुढच्या प्रवासाला सवलत मिळेल. जबरदस्ती नाही. तुम्ही ठरवा."

ठरवा म्हणे! पुन्हा खुर्ची? मी पुढे बसले आणि विहीणबाई मागे गेल्या, तर लेकीच्या भाजीत आयुष्यभर मीठ कमी. आणि मी मागे गेले तर? अहो, मला ती खुर्ची हवी होती! अगदी मनापासून हवी होती. खोटं कशाला बोलू?

आणि मग मला युक्ती सुचली. मला सुचलेल्या युक्तीने आजवर कोणाचंही भलं झालेलं नाही, हे मी विसरले.

आपल्याकडे पद्धत कशी? पंगतीत मांडे वाढायला आले की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटांत फट ठेवायची. तिसऱ्यांदा वाढपी म्हणतो, "असं कसं, घ्यावंच लागेल," आणि मग आपण नाइलाजाने दोन खातो. बरोबर ना? तर मी ठरवलं, की आपणच मागची जागा मागायची. विहीणबाई म्हणतील, "छे, तुम्ही पुढे बसा." मी पुन्हा नको म्हणेन. त्या पुन्हा आग्रह करतील. तिसऱ्या आग्रहाला मी नाइलाजाने पुढे बसेन. त्यांच्याच आग्रहावरून बसले म्हटल्यावर रुसणार कशा?

मी मान तिरपी करून म्हटलं, "मी जाते हो मागे. विहीणबाईंना पुढे बसवा."

विहीणबाईंनी लगेच माझा दंड धरला. "असं कसं? इहीनबाई, तुम्ही पुढे बठा. मी जास मांगे."

मनात म्हटलं, एक झाला!

"छे छे! तुमचा मान मोठा. मुलाकडच्या तुम्ही."

"मान कसाना! यष्टीमा उभी राहीसन धुळाले जास मी. हाई तं इमान शे!"

दुसरा!

"अहो, मला मागे झोप छान लागते."

"माले बी मांगेच गोड लागस!"

आमच्या मागे रांग लांबत चालली होती. एक गृहस्थ घसा खाकरत होते. त्या मुलीची मान एकदा माझ्याकडे, एकदा विहीणबाईंकडे. हा तिसरा! आता मी हो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात पोरीने टकटक टकटक काहीतरी दाबलं आणि दोन कागद आमच्या हातात दिले.

"किती छान आहात हो तुम्ही दोघी! आम्हाला खरं तर दोन जागा हव्या होत्या. एकाच घरातल्या दोघींना कसं विचारायचं, हेच मला कळत नव्हतं. दोघींनाही मागे शेजारी शेजारी दिलंय. थँक यू!"

अगं बाई! अगं, एकदा तरी "असं कसं" म्हण! एवढी मराठी मुलगी, आणि नको म्हणजे खरंच नको समजते? हिला घरी कोणी कधी जेवायला वाढलं की नाही?

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघी हसलो. असं हसू फक्त विहिणींनाच येतं.

आता मागे जायचं म्हणजे पुढच्या भागातूनच जावं लागतं, तीही एक शिक्षाच. त्या रुंद रुंद खुर्च्या बघत बघत चालले. एका खुर्चीच्या पाठीवरून हळूच हात फिरवला, तर त्यात बसलेल्या बाईंनी वळून बघितलं.

सव्विसावी रांग. विहीणबाई खिडकीशी, मी मधे, आणि माझ्या पलीकडे एक धिप्पाड गृहस्थ. दोन्ही हात ठेवायच्या जागा त्यांच्या. माझे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. पण एक समाधान होतं, की विहीणबाई अजिबात रुसलेल्या नव्हत्या. खिडकीतून ढगांची वाट बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, जाऊ दे. लेकीचं तर भलं झालं.

दार बंद व्हायच्या आधी हवाईसुंदरी लगबगीने आली. "मॅम, आगे एक पॅसेंजर नहीं आया. एक सीट खाली है. आप दोनों में से कोई एक आ सकता है."

देव पावला! आणि या वेळी मला पक्कं माहीत होतं. विहीणबाईंना मागेच गोड लागतं, त्यांनी स्वतः सांगितलंय. शिवाय खिडकी मिळालीय. त्या काही उठत नाहीत. मग एकदा विचारायला काय हरकत आहे? शोभेपुरतं! नाही विचारलं तर तेवढंच निमित्त व्हायचं.

मी हसून म्हटलं, "जा हो विहीणबाई, तुम्ही जा पुढे."

"बरं! तुम्ही इतलं म्हनतस तं जास मी!"

माझं वाक्य संपायच्या आत त्या उभ्या! माझ्या पायावर पाय देऊन, त्या धिप्पाड गृहस्थांना उठवून, पिशवी काखेत मारून निघाल्यासुद्धा. मी "अहो..." म्हणेपर्यंत पडद्याच्या आत गेल्या.

एकदाच विचारलं होतं हो मी! त्यांनी "नको" म्हणायचं होतं! एक तरी "नको"!

विमान उडालं. मी तोंड फुगवून बसले. पुढून भांड्यांची किणकिण आणि खमंग वास यायला लागला. आमच्याकडे अजून पाणीही आलं नव्हतं, आणि मी पहाटेपासून एका चहावर होते.

तेवढ्यात पडदा सरकला आणि तीच हवाईसुंदरी प्लेट घेऊन माझ्यापाशी आली. काचेची प्लेट. तीत भाजलेले काजू, गरम टिक्की आणि एक गुलाबजाम.

"मॅम, आगेवाली आंटीने अपने खाने में से आपके लिए भेजा है."

माझे डोळे भरून आले. शप्पथ सांगते, भरून आले. म्हटलं, किती मोठ्या मनाची ही बाई, आणि मी काय काय मनात आणत बसले होते! मला इतकं गहिवरून आलं, इतकं गहिवरून आलं, की मी म्हटलं, "अय्या, नहीं नहीं, नको! कायको तकलीफ!"

"ओके मॅम," ती म्हणाली, आणि प्लेट परत घेऊन गेली.