धावपट्टीवरची अक्का

बेंगळुरूच्या बनशंकरीत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, त्या घरचे दोघंही मराठीच. पण त्यांची मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे घरात थोडं म्हणायला 'स्वल्प' आणि बरं म्हणायला 'सरी, सरी' असंच चालायचं. मी निपाणीकडची, कन्नड मलाही येतं. पण आमच्याकडे दोन भाषा दोन खिशांत ठेवतात, यांच्याकडे एकाच. गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची, मीही तेच म्हणू लागले.

अण्णा एका कारखान्यात साचे आखायचे, निवृत्तीला आले होते. अक्का विमा कंपनीत होती. वय पन्नाशीच्या पुढे, उंची पाच फुटांपेक्षा बरीच कमी, आणि रोज ऑफिसला जाताना स्कूटर अशी काढायची की समोरचा रिक्षावाला आपण होऊन बाजूला व्हायचा.

खाली गॅरेज होतं, त्यात मोटार नव्हती. एक जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल होती, एकेकाळी दूधवाल्यांकडे असायची तसली. दिवा, आरसे, मडगार्ड सगळं काढलेलं. दर रविवारी सकाळी ती गुरगुरायची आणि निळा धूर माझ्या बाल्कनीपर्यंत यायचा. एका रविवारी मी तक्रार करायलाच खाली उतरले आणि दुपारपर्यंत वर आले नाही.

वर्षातून एकदा एका क्लबची माणसं आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या एका धावपट्टीवर जमतात. विमानं तिथे उतरायची केव्हाच थांबली आहेत. तिथे एकमेकांशी शर्यत नसते. एकेक गाडी एकटी सोडतात, ठरावीक टप्प्यातला तिचा वेग मोजतात, मग तीच गाडी उलट दिशेने आणतात आणि दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे पाठीवरच्या वाऱ्याचा फायदा उरत नाही. आदल्या वर्षी अण्णा तिथे ताशी एकशे दहाच्या आसपास गेले होते. इंजिनावर त्यांनी जीव ओतला होता, तरी काटा तिथून पुढे हलत नव्हता.

"तू वाऱ्याचं काम करतेस म्हणे," ते म्हणाले. "मग हिचं स्वल्प बघ की, इंजिनिअरबाई."

मोटारीच्या आरशाभोवती वारा कसा फिरतो, एसीच्या नळीत तो कुठे अडतो, हे संगणकावर काढणं हीच माझी नोकरी. मी त्यांना सांगितलं की वेग दीडपट हवा असेल तर वारा कापायला तिपटीहून जास्त ताकद लागते, आणि तेवढी या इंजिनात कधीच येणार नाही. त्यापेक्षा वाऱ्याला आपण कमी दिसायचं. अण्णांनी डोकं खाजवलं, मग गॅरेजच्या फरशीवरच खडूने गाडीचा बाजूचा आकार काढला आणि खडू माझ्या हातात दिला.

पुढचे काही महिने माझे शनिवार-रविवार त्या गॅरेजात गेले. थर्माकोलचे ठोकळे चिकटवून, घासून गाडीपुढचं नाक केलं, मागे निमुळती शेपटी केली, त्यावर फायबरचे थर चढवले. कापड आणि रेझिन आणायला आम्ही मेट्रोने चिकपेटला जायचो आणि साड्यांचे गठ्ठे घेतलेल्या बायकांमधून फायबरची गुंडाळी आडवी धरून परत यायचो. रेझिनचा वास स्वयंपाकघरात शिरायचा. अक्का वरून ओरडायची, "उकळत्या साराला तुमच्या प्लॅस्टिकचा वास येतोय!" पण तिने काम बंद करा असं कधी म्हटलं नाही.

आमच्याकडे वाऱ्याचा बोगदा कुठला असणार? अण्णांनी मांडववाल्याकडून लग्नात लावतात तसले दोन दांडगे पंखे आणले. मी लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने फायबरवर आणि अण्णांच्या शर्टावर लावले. पंख्याचा वारा आणि धावपट्टीवरचा वारा यांत फार फरक, पण वारा कुठे सुटतो नि कुठे भोवरे होतात एवढं दिसायला तो पुरे होता. अण्णा पोटावर आडवे होऊन बसले. नाकावरचे धागे छान मागे झोपले. खांद्यावरचे, पाठीवरचे मात्र वेड्यासारखे फडफडत होते. नाक आणखी रुंद केलं असतं तर समोरून गाडीच मोठी दिसली असती. अण्णा अंगाने भरदार. तो ऐवज कुठे लपवणार?

तेवढ्यात अक्का जेवायला बोलवायला खाली आली. मी सहज म्हटलं, "अक्का, तुम्ही बसा बरं जरा. फक्त बघायचंय."

तिने साडीचा पदर खोचला आणि अण्णांनी केलं तसं पुढे वाकून बसली. हनुवटी टाकीवर टेकली. मी तिच्या पाठीवर धागे लावले, पंखे सुरू केले. सगळे धागे शेपटीपर्यंत सरळ पडून राहिले. दोन-तीन थरथरले, बस्स.

"चांगलं की वाईट?" अक्काने वाकूनच विचारलं.

"फार चांगलं," मी म्हटलं.

ती उतरली, पदर सोडला आणि म्हणाली, "मग मीच चालवते की."

"बेडवे बेड," अण्णा म्हणाले. नको म्हणजे नकोच.

त्यानंतरचे काही दिवस त्या घरात भांड्यांचाच आवाज तेवढा यायचा. अण्णांचं म्हणणं साधं होतं. पडलं तर हाडं मोडतात, आणि या वयात मोडलेली हाडं जुळत नाहीत. अक्काचं म्हणणं त्याहून साधं होतं. तुमची हाडं काय वेगळी आहेत? ती मला गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी ह्या गाडीचे कपडे धुते, ग्रीसचे. ती पळते कशी ते एकदा मला बघू दे. कडेला उभं राहून नाही." त्यात राग नव्हता. ठरवून झालं होतं.

तिने ऑफिसात रजा टाकली आणि शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर मोटरसायकलचे वर्ग लावले. वर्गातली बाकीची मुलं तिच्या निम्म्या वयाची. अंगात घालायचा चामडी सूट तिला लहान मुलांच्या मापाचा मिळाला. ती सोमवारी ऑफिसला लंगडत गेली आणि विचारणाऱ्यांना योगासनं म्हणून सांगितलं.

अण्णांनी होकार असा कधी दिलाच नाही. एका शनिवारी मी खाली गेले तर गाडीचे पाय ठेवायचे दांडे पुढे सरकवलेले होते, सीट खाली आणली होती आणि हँडल जवळ घेतलं होतं. सगळं अक्काच्या मापाचं. अण्णा पाठमोरे उभे राहून काहीतरी घासत होते. अक्का आली, बसली, पाय ठेवून पाहिले आणि म्हणाली, "डावीकडचं स्वल्प वर हवं." त्यांनी पाना घेतला.

मग तयारी उरली. अशा गाडीत निसटू शकेल असा प्रत्येक बोल्ट भोक पाडून तारेने बांधावा लागतो. चाकाच्या हवेचा व्हॉल्व्ह धातूचा लागतो, कारण रबरी असला तर वेगात वाकतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी असते. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. त्याखेरीज एक गोष्ट अण्णांनी अक्काकडून रोज करून घेतली. टू-स्ट्रोक इंजिन फार तापलं की पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो, आणि त्याबरोबर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटतं, नाहीतर गाडी आडवी होते. म्हणून डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर. अक्का टीव्ही बघत बसलेली असायची आणि अण्णा मागून टाळी वाजवायचे. तिची मूठ आवळायची.

आम्ही टेंपोत गाडी घालून धावपट्टीवर गेलो. बेंगळुरू उंचावर आहे. तिथली हवा विरळ. समुद्राजवळची हवा दाट, त्यामुळे पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. हा हिशेब आम्ही घरीच केला होता, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलला होता. तपासणीवाल्यांनी तारा एकेक करून ओढून पाहिल्या. पहिली फेरी अक्काने बेताने मारली. प्लग काढून बघितला तर रंग छान तपकिरी, म्हणजे पेट्रोल बेताचं जळत होतं. अण्णा म्हणाले, "सरी. आता सोड."

दुसऱ्या फेरीत ती आमच्यासमोरून गेली तेव्हा मला फक्त नाक आणि हेल्मेटचा वरचा भाग दिसला. आवाज एकसंध चढत होता. मग तो एकदम पातळ झाला, किंचाळल्यासारखा, आणि तुटला. पुढे नुसता चाकांचा आवाज. अण्णा धावायला लागले. धावून कुणी तिथे पोचणार नव्हतं, तरी धावले. मी क्लबच्या जीपमध्ये चढले आणि वाटेत त्यांना आत ओढून घेतलं.

धावपट्टीच्या टोकाला गाडी स्टँडवर उभी होती. अक्का हेल्मेट काढून तिच्या सावलीत बसली होती.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "मागचं चाक अडलं, शेपटी अशी हलली, तोवर हाताने दाबलं होतं. मला कळलं ते नंतर."

अण्णा तिच्याशेजारी डांबरावर बसले. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला आणि हातमोजा काढू लागले. त्यांना तो निघेना, शेवटी तिनेच काढला. मग ते म्हणाले, "पुरे. गाडी टेंपोत घालू."

"दुरुस्त होतं का, तेवढं सांगा," अक्का म्हणाली.

ताडपत्रीखाली आम्ही सिलिंडर उघडला. पिस्टनवर उभे ओरखडे होते, सिलिंडर बचावला होता. जेट बरोबर, पेट्रोलची नळी मोकळी. मग मी कार्ब्युरेटरजवळ खाली बसले, आणि तिथून बाहेर येणारी एक छोटी हवेची नळी दिसली. ती फायबरच्या बाहेर उघडत होती, आणि कार्ब्युरेटरचं तोंड फायबरच्या आत. उभ्या गाडीत दोन्हीकडे हवा सारखीच. वेगात मात्र आत दाब चढतो, बाहेर उतरतो, पेट्रोल वर चढायचं कमी होतं, आणि कमी पेट्रोलवर इंजिन तापतं. बेतातल्या फेरीत हा फरक जाणवण्याइतका झालाच नव्हता, म्हणून प्लग चांगला दिसला. दोन पंख्यांसमोर तर हा फरक कधीच दिसला नसता. मी अण्णांना बोट दाखवून सांगितलं. त्यांनी नळी बोटाने चाचपून पाहिली.

"म्हणजे गाडी जितकी जोरात, तितकी ती उपाशी."

"हो."

"नळी आत घेतली की झालं?"

"माझ्या मते झालं. पण मी ती चालवत नाहीये."

ते अक्काकडे वळले. ती शेंगदाणे खात होती. त्यांनी तिला सगळं समजावलं, अगदी चित्र काढून, आणि मग पहिल्यांदाच विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"बसवा," ती म्हणाली.

जास्तीचा पिस्टन बरोबर होता. संध्याकाळच्या आत इंजिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना ती पुन्हा निघाली. आधी अर्ध्या जोराने, प्लग बघितला; मग पूर्ण. या वेळी आवाज शेवटपर्यंत तुटला नाही. टोकाला गाडी फिरवली, तासाभरात उलट आणली. मोजणाऱ्याने सांगितलं: सरासरी ताशी एकशे एक्केचाळीस. त्या क्लबच्या फळ्यावर शंभर सीसीच्या गटात तोवर एवढा वेग कुणाचा नव्हता. पुढच्या वर्षी कोइमतूरच्या दोन भावांनी तो मोडला, आणि चांगला मोडला.

अक्काला मी विचारलं, आतून कसं वाटतं? ती विचार करून म्हणाली, "जोरात असं वाटतच नाही. पांढरी रेघ असते आणि आवाज. बाकी कुणी काही विचारत नाही."

परतताना चित्तूरच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. अण्णांनी तीन चहा सांगितले, बाकावर बसले आणि म्हणाले, "भीती वाटली?"

"काल नाही," ती म्हणाली. "आज सकाळी वाटली. काल ठाऊक नव्हतं काय होतं ते."

"मग गेलीस कशाला?"

"तुम्ही नळी बसवली होती ना," ती म्हणाली, आणि त्यांच्या बशीतलं बिस्किट उचललं.